बॉर्डरलाइन शुगर आणि घरचं मशीन: ११२ या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

शहापूर किंवा मुरबाडच्या औषधाच्या दुकानात शुगर तपासण्याचं मशीन आता सहज मिळतं. बोट टोचायचं, स्ट्रिपला रक्ताचा थेंब लावायचा आणि काही सेकंदांत आकडा समोर. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः जे इन्सुलिन घेतात, त्यांच्यासाठी हे मशीन म्हणजे ग्लुकोमीटर फार मोलाचं आहे. पण ज्यांना डॉक्टरांनी 'शुगर बॉर्डरवर आहे' असं सांगितलं आहे, त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे.

समजा उपाशीपोटी मशीनवर ११२ हा आकडा आला. आज ११२, परवा ९८, पुढच्या आठवड्यात १२७. मग शुगर वाढली, कमी झाली, की मशीनच बिघडलं? अनेकदा या तिन्हीपैकी काहीच झालेलं नसतं. प्री-डायबिटीसचा पट्टा इतका अरुंद आहे की चांगल्या मशीनला जेवढी चूक माफ असते, तेवढ्यात तो पूर्ण मावतो. म्हणूनच घरच्या मशीनवरून प्री-डायबिटीस 'आहे' किंवा 'गेला' असं ठरवता येत नाही. ते लॅबच्या तपासणीवरच ठरतं. मशीनचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या कामासाठी.

प्री-डायबिटीस म्हणजे नेमकी किती शुगर?

शुगर सामान्यपेक्षा जास्त, पण मधुमेह म्हणण्याइतकी नाही, अशी मधली अवस्था म्हणजे प्री-डायबिटीस. ती तीन प्रकारे मोजतात. पुढचे सगळे आकडे नसेतून काढलेल्या रक्ताच्या लॅबमधल्या तपासणीचे आहेत आणि शुगरचं माप मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर आहे.

- उपाशीपोटी (किमान ८ तास काही न खाता): १०० ते १२५ म्हणजे प्री-डायबिटीस, १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. हा अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटना प्री-डायबिटीसची सुरुवात ११० पासून धरते.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर २ तासांनी: १४० ते १९९ प्री-डायबिटीस, २०० किंवा जास्त मधुमेह.
- एचबीएवनसी, म्हणजे साधारण मागच्या ३ महिन्यांच्या शुगरचा अंदाज: ५.७ ते ६.४ टक्के प्री-डायबिटीस, ६.५ किंवा जास्त मधुमेह.

एक गोष्ट इथेच लक्षात येते. उपाशीपोटी १०५ असलेली व्यक्ती एका निकषाने प्री-डायबिटीसमध्ये येते आणि दुसऱ्या निकषाने येत नाही. जिथे सीमाच इतकी बारीक आहे, तिथे मोजमापातल्या ५-१० मिलिग्रॅमच्या फरकालाही मोठा अर्थ येतो.

शिवाय काहीही लक्षणं नसतील तर एकाच तपासणीवर मधुमेहाचं निदान करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करून किंवा दुसऱ्या प्रकारच्या तपासणीने खात्री करतात.

हा शहरातला आजार नाही का?

तसा समज आहे. पण आकडे वेगळं सांगतात. 'आयसीएमआर-इंडियाब' हा देशातला मधुमेहाचा सर्वात मोठा सर्व्हे. २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी त्यात झाली आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के प्रौढांना प्री-डायबिटीस आहे. मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ आणि गावात ८.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट तफावत. प्री-डायबिटीसमध्ये मात्र शहर १५.४ आणि गाव १५.२ टक्के. फरक नसल्यातच जमा.

महाराष्ट्रात हे आधीच दिसलं होतं. याच सर्व्हेच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, राज्यातलं मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के होतं आणि प्री-डायबिटीसचं १२.८ टक्के.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या दोन तालुक्यांना हे लागू पडतं. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याची लोकल जाते. आसनगाव, वासिंदपर्यंत शहराची राहणी पोचली आहे. मुरबाडला रेल्वे नाही, पण एमआयडीसी आहे आणि कल्याणचा रस्ता आहे. दुसरीकडे डोळखांब, टोकावडे किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यांवरून साधी लॅब गाठायची तरी एसटी किंवा जीपची वाट पाहावी लागते आणि दिवसाची मजुरी बुडते.

घरच्या मशीनचं आकर्षण इथे शहरापेक्षा जास्त आहे ते यामुळेच. अख्ख्या घरासाठी किंवा आळीसाठी एकच मशीन, हेही दिसतं. त्यामुळे त्या मशीनच्या आकड्याचा खरा अर्थ कळणं इथे जास्त गरजेचं आहे.

मशीनला किती चूक माफ असते?

घरी वापरायच्या ग्लुकोमीटरसाठी 'आयएसओ १५१९७:२०१३' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चांगल्या मशीनच्या खोक्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकावर ते छापलेलं असतं. हे मानक असं सांगतं: शुगर १०० पेक्षा कमी असेल तर १०० पैकी ९५ वेळा मशीनचा आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा १५ मिलिग्रॅम वर किंवा खाली, एवढ्यात असावा. शुगर १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्के वर किंवा खाली. उरलेल्या ५ वेळा फरक याहून जास्त असला तरी मशीन पास होतं.

मधुमेहाच्या रुग्णासाठी हे पुरेसं आहे. शुगर २८० आहे की २५० आहे, यावरून उपचाराची दिशा बदलत नाही. पण बॉर्डरवर काय होतं पाहा:

- लॅबप्रमाणे शुगर ९५ (सामान्य): मशीन ८० ते ११० यातलं काहीही दाखवू शकतं.
- लॅबप्रमाणे ११० (प्री-डायबिटीस): मशीन ९४ ते १२६ दाखवू शकतं.
- लॅबप्रमाणे १२० (प्री-डायबिटीस): मशीन १०२ ते १३८ दाखवू शकतं.

उलट बाजूने पाहिलं तर मशीनवर ११२ दिसत असेल, तेव्हा लॅबमधली शुगर ९७ पासून १३१ पर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे ती व्यक्ती सामान्य असू शकते, प्री-डायबिटीसमध्ये असू शकते किंवा मधुमेहातही असू शकते. बहुतेक वेळा फरक एवढा मोठा नसतो. पण तो कोणत्या वेळी मोठा आहे, हे मशीनकडे बघून कळत नाही.

यात शरीराचा स्वतःचा चढउतार मिळवावा लागतो. सगळं नीट पाळलं तरी एकाच व्यक्तीची उपाशीपोटीची शुगर एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी सुमारे ५ ते ६ टक्के इकडेतिकडे होते. झोप कमी झाली, ताप आला, रात्रपाळी झाली, घरात ताणतणाव असला तर आणखी.

बोटाचं रक्त आणि नसेचं रक्त

बोटातून येणारं रक्त केशवाहिन्यांतलं असतं, लॅबमध्ये घेतात ते नसेतलं. उपाशीपोटी दोन्हींत शुगर जवळपास सारखी असते. जेवणानंतर मात्र स्नायू रक्तातली साखर उचलून घेतात, त्यामुळे परत फिरणाऱ्या नसेच्या रक्तात शुगर कमी भरते आणि बोटाच्या रक्तात जास्त.

हा फरक किरकोळ नाही. इंडियाब सर्व्हेतही बोट टोचूनच तपासणी झाली होती. म्हणून संशोधकांनी ग्लुकोज प्यायल्यावर २ तासांच्या तपासणीसाठी वेगळ्या मर्यादा धरल्या. नसेच्या रक्तासाठी प्री-डायबिटीस १४० पासून आणि मधुमेह २०० पासून धरतात. सर्व्हेत बोटाच्या रक्तासाठी १६० आणि २२० धरले.

घरी मात्र हा हिशेब कोणी करत नाही. जेवणानंतर मशीनवर १५० दिसले की छापील तक्ता पाहून घाबरायला होतं.

मग सरकारी सर्व्हेत चालणारं मशीन घरी का चालत नाही? सर्व्हेत हजारो लोकांची सरासरी काढायची असते. कोणाचा आकडा थोडा वर, कोणाचा थोडा खाली; एकूण हिशेबात ते बरंचसं जुळून जातं. एका माणसाचं निदान करताना मात्र त्याचा एकच आकडा समोर असतो.

आकडा चुकतो कशामुळे?

मानकातली चूक ही चांगल्या स्ट्रिपवर, नीट केलेल्या तपासणीची आहे. घरी त्यात आणखी भर पडते. शहापूर-मुरबाडच्या हवामानात आणि कामाच्या पद्धतीत काही कारणं जास्त लागू होतात.

हाताला लागलेली साखर. हे सर्वात साधं आणि सर्वात फसवं कारण. रक्ताचा थेंब इवलासा असतो. बोटावर साखरेचा अंश असला तरी आकडा खूप वर जातो. जपानमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फळ सोलल्यावर बोट टोचलं, तेव्हा शुगर खोटीच वाढलेली दिसली. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही फरक पडला नाही. पाण्याने धुतल्यावरच आकडा ठीक आला. चैत्र-वैशाखात मोहाची फुलं वेचणारे, आंबे, करवंदं हाताळणारे हात, गूळ फोडलेले हात यांना हे तंतोतंत लागू होतं.

स्ट्रिपला लागलेली उष्णता आणि दमटपणा. स्ट्रिपवर रसायनाचा पातळ थर असतो. बहुतेक डब्यांवर साधारण ४ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवा, असं लिहिलेलं असतं. या भागात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही जास्त. पावसाळ्यात हवेतला दमटपणा. डबीचं झाकण उघडं राहिलं किंवा स्ट्रिप काढून कागदात गुंडाळून ठेवल्या की त्या खराब होतात, पण दिसायला तशाच राहतात. फ्रीजमध्ये ठेवणं हा उपाय नाही. बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. घरातला गार, कोरडा कोपरा, चुलीपासून आणि खिडकीपासून दूर, एवढं पुरे.

उघडून ठेवलेली डबी. काही कंपन्यांच्या स्ट्रिप डबी उघडल्यापासून ३ महिने चालतात, काहींच्या ६ महिने. प्री-डायबिटीसमध्ये तपासणी क्वचित होते, त्यामुळे ५० स्ट्रिपची डबी स्वस्त पडते म्हणून घेतली तर निम्म्या स्ट्रिप मुदत संपल्यावर वापरल्या जातात. २५ ची डबी किंवा एकेक सुट्या पाकिटातल्या स्ट्रिप इथे जास्त बऱ्या. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहून ठेवावी.

अंगात रक्त कमी असणं. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण कमी असेल तर अनेक मशीन शुगर खरीपेक्षा जास्त दाखवतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. म्हणजे हे कारण दुर्मीळ नाही. उलट उन्हात राबून, जुलाब-उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर आकडा खरीपेक्षा कमी येऊ शकतो.

बोट जोरात दाबणं. हात गार असले किंवा कातडी कामाने जाड झाली असली की रक्त येत नाही आणि बोट पिळलं जातं. त्यामुळे रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बदलतो. कोमट पाण्याने हात धुऊन, हात खाली सोडून, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं तर थेंब सहज येतो आणि दुखतंही कमी.

'उपाशीपोटी' नसणं. पहाटे शेतावर किंवा पाळीला जाण्याआधी घेतलेला साखरेचा चहा हा उपास मोडतो. तो कोरा असला तरी. तंबाखू-मिश्री आणि विडीही तपासणीआधी टाळावी.

लॅबचा आकडा तरी बरोबर असतो का?

मशीनपेक्षा नक्कीच जास्त भरवशाचा. पण त्यालाही एक अट आहे: वेळ. रक्त नळीत काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, शुगर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होते. ११२ चा नमुना २ तास तसाच राहिला तर तो ९९ च्या आसपास येऊ शकतो. म्हणजे प्री-डायबिटीस असलेली व्यक्ती कागदावर सामान्य ठरते.

त्यासाठी शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घेतात. फ्लोराइडही पहिल्या तास-दोन तासांत ही घट पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे नमुना थंड ठेवणं किंवा रक्तातला द्रवभाग लवकर वेगळा करणं महत्त्वाचं. गावातल्या शिबिरात किंवा घरी येऊन घेतलेला नमुना दुसऱ्या गावी तपासायला जाणार असेल, तर तो किती वेळाने तपासला जाईल आणि कोणत्या नळीत घेतला, हे विचारण्यात काही गैर नाही. शक्य असेल तर जिथे तपासणी होते तिथेच जाऊन सकाळी रक्त देणं चांगलं.

एचबीएवनसी केली तर प्रश्न सुटतो?

बऱ्याच अंशी. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, एका दिवसाच्या चढउताराचा परिणाम होत नाही आणि नळीत तासाभरात आकडा घसरतही नाही. पण ती लाल पेशींवर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या अ‍ॅनिमियात हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खोटाच खाली येतो. सिकलसेलचा फक्त वाहक असलेल्या व्यक्तीतही तपासणीच्या काही पद्धती गोंधळतात.

शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे आदिवासी समाज मोठ्या संख्येने आहेत आणि सिकलसेल हा आजार महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत आढळतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ते एचबीएवनसीचा रिपोर्ट दाखवतानाच डॉक्टरांना सांगावं. अशा वेळी ग्लुकोज पिऊन २ तासांनी केलेली लॅब तपासणी जास्त भरवशाची ठरते.

मग घरचं मशीन घ्यायचं की नाही?

प्री-डायबिटीसमध्ये रोज बोट टोचण्याची गरज नसते. वर्षातून एकदा लॅब तपासणी ही साधारण शिफारस आहे; डॉक्टर गरजेप्रमाणे आधीही सांगतात. ज्यांना मशीन परवडत नाही, त्यांचं त्यामुळे काही अडत नाही.

मशीन घरात असेलच, तर ते दोन कामांसाठी चांगलं आहे.

पहिलं काम तुलना करण्याचं. एकाच मशीनने, एकाच डबीतल्या स्ट्रिपने, थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेले दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. उदाहरणार्थ, ताटभर भात-आमटी खाण्याआधीचा आणि २ तासांनंतरचा आकडा. मग दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भुकेला भात निम्मा, सोबत भाजी, कडधान्य जास्त, आणि तेच दोन आकडे. तिसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण, पण नंतर अर्धा तास चालणं. मशीन १० मिलिग्रॅम जास्त दाखवत असेल तर ते बहुधा दोन्ही वेळा जास्त दाखवेल, त्यामुळे फरक साधारण खरा निघतो. मात्र १०-१५ मिलिग्रॅमच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. ४०-५० चा फरक पुन्हा पुन्हा दिसला तर त्याला अर्थ आहे.

दुसरं काम सावध करण्याचं. आकडे महिनोन्‌महिने वर सरकत असतील, उपाशीपोटी वारंवार १२६ च्या वर किंवा जेवणानंतर २०० च्या वर येत असतील, तर वर्ष संपायची वाट न पाहता लॅब गाठावी.

मशीन जे करू शकत नाही ते असं: ९८ दाखवल्यामुळे प्री-डायबिटीस गेला असं होत नाही आणि १२८ दाखवल्यामुळे मधुमेह झाला असंही नाही. एका आकड्यावरून गोळी सुरू करणं किंवा चालू गोळी बंद करणं धोक्याचं. अनेक आकड्यांची सरासरी काढली तरी मशीन किंवा स्ट्रिप एकाच दिशेने चुकत असेल तर सरासरीही तेवढीच चुकते.

मशीन खरं बोलतंय का, हे कसं तपासायचं?

सर्वात सोपी पद्धत म्हणजे लॅबशी जुळवून पाहणं.

१. वर्षाच्या तपासणीला जाताना मशीन आणि स्ट्रिप सोबत घ्याव्यात.
२. उपाशीपोटीच जावं. जेवणानंतर बोट आणि नस यांत मुळातच फरक असतो, त्यामुळे तेव्हाची तुलना उपयोगाची नाही.
३. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.
४. नसेतून रक्त काढल्यावर ५ मिनिटांच्या आत बोट टोचून आकडा लिहून ठेवावा.
५. लॅबचा रिपोर्ट आल्यावर दोन्ही आकडे ताडून पाहावेत. लॅबमध्ये ११० आणि मशीनवर ९४ ते १२६ यांपैकी काही असेल तर मशीन मानकात बसतं.
६. फरक याहून जास्त असेल तर नव्या डबीतल्या स्ट्रिपने पुन्हा पाहावं. तरीही तसंच असेल तर मशीन बदलावं.

काही कंपन्या शुगरचं ठराविक प्रमाण असलेलं द्रावण देतात. त्याचा थेंब लावल्यावर आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला तर स्ट्रिप ठीक आहे असं समजतात. हे द्रावण दुकानात नसेल तर मागवून घेता येतं.

मशीनही शक्यतो प्रत्येकाचं वेगळं असावं; अनेकांचं एकच असेल तर दर वापरानंतर ते निर्जंतुक करावं. सुई मात्र प्रत्येकाची वेगळी आणि दर वेळी नवी हवी. एकाची सुई दुसऱ्याने वापरल्याने हिपॅटायटिस बी सारखे आजार पसरतात. टोचण्याच्या पेनचंही तेच. ते प्रत्येकाचं स्वतःचं असावं. वापरलेल्या सुया कचऱ्यात मोकळ्या न टाकता झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्याव्यात.

बोट न टोचता शुगर सांगणारी घड्याळं?

सोशल मीडियावर अशा घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिराती सतत फिरतात. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिला की कातडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी वस्तू आहे. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो. पण त्याचाही आकडा प्री-डायबिटीसच्या निदानासाठी धरत नाहीत.

तपासणी कुठे करायची?

३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात: वय, कंबरेचं माप, तंबाखू-दारू, व्यायाम, घरातला मधुमेह. त्यानंतर उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बोट टोचून शुगर पाहतात. ती १४० च्या पुढे असेल तर पुढे पाठवतात. ही पहिली चाळणी आहे, निदान नाही. तिथे 'ठीक' आलं तरी कंबर वाढलेली असेल आणि आई-वडिलांना मधुमेह असेल, तर उपाशीपोटीची लॅब तपासणी मागून घ्यावी.

पुढची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्र, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय इथे होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत.

खूप तहान, वारंवार लघवी, वजन झपाट्याने कमी होणं, जखम न भरणं अशी लक्षणं असतील आणि मशीनवर २०० च्या वर आकडा असेल, तर पुन्हा पुन्हा बोट टोचत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

आकड्याची एवढी चिंता कशासाठी?

कारण ही अवस्था अशी आहे जिथून मागे फिरता येतं. 'इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत एकदा नव्हे, दोनदा प्री-डायबिटीस आढळलेले ५३१ लोक त्यात होते. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना सुमारे ३ वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्यात आणि चालण्यात नेटाने बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. मशीनच्या खोट्या १२८ मुळे घाबरून कोणी भात पूर्ण सोडला, कोणी ऐकीव काढे सुरू केले, तर नुकसान आहेच. पण मशीनच्या खोट्या ९६ मुळे 'माझी शुगर उतरली' असं समजून कोणी चालणं थांबवलं आणि वर्षाची तपासणी टाळली, तर ते नुकसान जास्त मोठं. ते लगेच दिसत नाही. काही वर्षांनी दिसतं, तेव्हा मागे फिरायची वाट अरुंद झालेली असते.

म्हणून एक वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, मशीनचा आकडा आणि वर्षातून एकदा लॅबचा आकडा. वर्षाच्या तपासणीला ही वही आणि मशीन दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवावं. निर्णय लॅबच्या ओळीवर घ्यायचा. बाकीच्या ओळी, त्या वर्षात खाण्याने आणि चालण्याने काय फरक पडला, ते सांगतात.